.२२ च्या पिस्तुलाला .३२ चं किट की दुसरं पिस्तूलच? या चुका टाळा

पंचवीस मीटरच्या नेमबाजीत .२२ च्या पिस्तुलावर हात बसला की सेंटर फायरचे, म्हणजे मोठ्या बोअरच्या पिस्तुलाच्या प्रकाराचे, वेध लागतात. नेमबाज जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुण मारून विश्वविक्रमाशी बरोबरी केली, ती याच प्रकारात. नियमात ७.६२ ते ९.६५ मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) चालतो, पण मॅचमध्ये बहुतेकांच्या हातात असतं ते .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळीचं काडतूस. वॉल्थर जीएसपी किंवा हॅमरली एसपी२० सारख्या पिस्तुलांत तीच फ्रेम ठेवून बॅरल, बोल्ट आणि मॅगझीन बदलता येतात. या बदली भागांचा संच म्हणजे किट. मग दुसरं पिस्तूल कशाला, असा हिशेब सुरू होतो आणि तिथूनच गडबडीही सुरू होतात.

पहिली गडबड म्हणजे पैशांचाच विचार करणं. किट स्वस्त पडतं, मान्य. पण किट घेण्याचं खरं कारण ग्रिप आणि ट्रिगर हे आहे. कानशीने घासून, पुट्टी भरून हाताला बसवलेली ग्रिप आणि ओळखीचा ट्रिगर तोच राहतो, हा फायदा पैशात मोजता येत नाही. तुमची ग्रिप अजून बसलेलीच नसेल, तर किटमधून हा फायदा मिळणार नाही. नेम धरायच्या साइट्स किटच्या वरच्या भागासोबत (बॅरलसोबत) येतात का, हेही आधी विचारा. येत असतील तर दोन्ही बोअरचं झिरो, म्हणजे साइट्सचा जुळवलेला नेम, आपापल्या जागी राहतं. नसतील तर प्रत्येक अदलाबदलीनंतर साइट्सचे क्लिक मोजत बसावं लागेल. आणि मॅगझीन किती मिळतात? एकाच मॅगझीनवर मॅच खेळायला जाणं हा जुगार आहे.

सगळ्यात महाग पडणारी चूक कागदपत्रांची. ‘अमेरिकेतला भाऊ दिवाळीला येतोय, बॅगेत घालून आणेल’ हे वाक्य आपल्याकडे सहज बोललं जातं. अमेरिकेत संघीय कायद्याच्या नजरेत फ्रेम म्हणजे बंदूक, सुटी बॅरल नव्हे. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात मात्र सुटे भागही ‘अग्निशस्त्र’ या व्याख्येत बसतात. म्हणजे परवानगीशिवाय आणलेली बॅरल विमानतळावर सापडली, तर ती पिस्तुलासारखीच मोजली जाईल. तिकडून बाहेर काढायलाही निर्यातीचे नियम आहेतच. लायसन्सवर बोअर लिहिलेला असतो, त्यामुळे किट मागवण्याआधी .३२ ची नोंद आणि काडतुसांचा कोटा याबद्दल परवाना शाखेत लेखी विचारा. तोंडी ‘होऊन जाईल’वर विसंबू नका. दुसऱ्या पिस्तुलाची अडचण वेगळी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. खेळाडूंसाठी वेगळी सवलत आहे, पण ती दर्जा पाहून मिळते.

लेथवाल्याकडून बॅरल ‘करून घेण्याचा’ विचार तर मनातही आणू नका. विनापरवाना रूपांतर हा गुन्हा आहे, आणि चेंबर फाटला तर हातही जातो.

आता काडतूस. दुकानात नुसतं ‘.३२ द्या’ म्हणू नका. आपल्याकडे .३२ म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी समोर येतात. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या .३२ पिस्तुलाचं काडतूस म्हणजे .३२ एसीपी, त्याची पुंगळी १७ मिमी लांब. रिव्हॉल्व्हरचं ते .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, पुंगळी २३ मिमी. दोघांनाही ७.६५ म्हणतात, म्हणून खोक्यावरचा दुसरा आकडा वाचा. आणि लाँग मिळालं म्हणूनही निर्धास्त होऊ नका. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची गोळी पुंगळीबाहेर गोल नाक काढून असते. मॅच पिस्तुलाची मॅगझीन वॉडकटरसाठी घडवलेली, ज्यात गोळी पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसते. गोल नाकाचं काडतूस त्या मॅगझीनमध्ये मावतच नाही. दाबून बसवायचा प्रयत्न कराल तर मॅगझीनच खराब होईल.

.३२ वरून परत .२२ ला आल्यावर पुंगळी अडकायला लागली, तर लगेच किटला दोष देऊ नका. .२२ मध्ये ताकद मुळात कमी. चेंबरमध्ये मेण आणि काजळी साचली की पुंगळी अर्धवट निघते आणि उभी अडकते. आधी चेंबर साफ करा, मग दुसऱ्या लॉटची काडतुसं चालवून बघा, मग मॅगझीन बदला. मॅगझीनवर मार्करने नंबर टाकून ठेवलेत तर दोषी कोण ते लगेच कळतं. स्प्रिंग सगळ्यात शेवटी तपासा. अदलाबदल करताना .३२ ची स्प्रिंग .२२ ला लावली गेली, असं प्रकरण रेंजवर नवीन नाही. मॅगझीनचे ओठ पक्कडने वाकवायचे नाहीत. आवाज फुसका आला तर पुढचा ट्रिगर ओढू नका, बॅरल रिकामी आहे याची खात्री करा. मॅचमध्ये अडकलं तर ग्रिप न सोडता पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने धरून मोकळा हात वर करा, स्वतः उघडू नका. सेफ्टी लावलेली राहिली किंवा मॅगझीन नीट बसली नाही, तर ‘माल्फंक्शन’ (पिस्तुलाचा बिघाड) म्हणून मान्य होत नाही.

वरचा भाग बदलला की पिस्तूल नव्याने तपासून घ्या. दोन्ही प्रकारांत ट्रिगर ओढायला किमान १००० ग्रॅमचा जोर लागायला हवा. जुन्या नियमात सेंटर फायरला १३६० होता, त्यामुळे सेकंडहँड किटसोबत कधी कधी वेगळं ट्रिगर युनिट येतं. एकूण वजन १४०० ग्रॅमच्या आत हवं आणि पिस्तूल ३०० × १५० × ५० मिमीच्या पेटीत बसायला हवं. .२२ ला लावलेली जादा वजनं .३२ वर ठेवलीत, तर काटा पुढे जाऊ शकतो.

माझं मत विचाराल तर: सेंटर फायर वर्षाकाठी एक-दोन स्पर्धांपुरतं असेल तर किट घ्या. दोन्ही प्रकार एकाच स्पर्धेत लागोपाठ पडत असतील, तर दुसरं पिस्तूल. दोन डिटेलच्या (नेमबाजांच्या तुकड्यांच्या) मधल्या वेळात स्क्रू खोलत बसणं परवडत नाही. आणि पुढे विकायचं झालं, तर किटला गिऱ्हाईक तोच मिळतो ज्याच्याकडे नेमकी तीच फ्रेम आहे आणि लायसन्सवर जागाही आहे. असे फार नसतात.