घोड्याचा आहार: आधी वैरण, मग चंदी

‘दाणावैरण’ या जोडशब्दात दाणा आधी येतो आणि वैरण नंतर. घोड्याच्या पोटाच्या दृष्टीने मात्र हा क्रम नेमका उलटा आहे. मोकळा घोडा दिवसरात्र मिळून सोळा-सतरा तास सहज चरतो. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, ही माणसाने त्याच्याकडून काम करून घेण्यासाठी घातलेली भर आहे. पोटशूळ, जठरातील व्रण आणि खुरांना होणारा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या भागाचा दाह, या आजारांच्या मुळाशी अनेकदा हा क्रम विसरणे असते. मनाला लागणारी गोष्ट अशी की, हे दुखणे पुष्कळदा हलगर्जी मालकाच्या नव्हे, तर हौसेने चार मुठी जास्त घालणाऱ्या मालकाच्या घोड्याला होते.

घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते, साधारण 8 ते 15 लिटरचे. त्यात आम्ल अखंड पाझरत राहते, समोर चारा असो वा नसो. हे आम्ल सौम्य करणारी लाळ मात्र घोडा चावत असेल तेवढाच वेळ सुटते. एक किलो वाळलेले गवत चावून खायला त्याला सुमारे चाळीस मिनिटे लागतात, तर एक किलो ओट तो दहाएक मिनिटांत संपवतो. म्हणून दाण्यावर पोसलेल्या घोड्याचे पोट भरते, पण जठराला लाळ पुरत नाही. दाण्यातील स्टार्च लहान आतड्यात पचायला हवे. एका वेळी ते जास्त गेले, तर न पचलेला भाग मोठ्या आतड्यात उतरतो, जिथे गवतातील तंतू आंबवून घोड्याला ऊर्जा देणारे सूक्ष्मजीव राहतात. तिथे आम्लता वाढते, उपयोगी जीव मरतात आणि त्यांच्यातून सुटलेली विषद्रव्ये रक्तात मिसळतात. त्यात घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे एकदा गिळलेली चूक बाहेर टाकण्याचा मार्गच त्याच्याजवळ नाही.

आहार ठरवण्याआधी घोड्याचे वजन माहीत असायला हवे, कारण पुढचे सगळे हिशेब त्यावरच उभे राहतात. मोठा काटा नसेल तर साधी मोजपट्टी पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे ढुंगणाच्या, मागच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि 11,880 ने भागावे. उत्तर किलोमध्ये येते. घेर 180 आणि लांबी 165 असलेला घोडा या हिशेबाने 450 किलोचा ठरतो. अंदाज थोडा मागेपुढे होईल, पण दर महिन्याला त्याच पट्टीने त्याच जागी मोजल्यास घोडा भरतो आहे की उतरतो आहे हे डोळ्यांपेक्षा लवकर कळते.

घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के इतका कोरडा आहार लागतो, आणि निदान 1.5 टक्के तरी वैरणीतून मिळालाच पाहिजे. आपल्या 450 किलोच्या घोड्याला नुसत्या वैरणीवर ठेवायचे तर रोज सुमारे 10 किलो वाळलेले गवत, तेही पेंढीच्या अंदाजाने नव्हे, काट्यावर तोलून. हिरव्या चाऱ्यात बहुतांश पाणीच असते, त्यामुळे एक किलो हिरवा चारा एक किलो वाळल्या गवताची जागा घेऊ शकत नाही. वैरण दिवसभरात विभागून द्यावी आणि दोन वेळांत चार-पाच तासांहून जास्त खंड पडू देऊ नये. रात्रीचा खंड सर्वांत लांब असतो, म्हणून शेवटचा वाटा सर्वांत मोठा ठेवावा. गवत पानदार, मऊ आणि गोडसर वासाचे हवे. मूठभर झटकून पाहावे, धुरळा उडाला किंवा कुबट वास आला तर ते घालू नये. चांगले गवतही थोडे धुळीचे असेल आणि घोडा खोकत असेल, तर अर्धा तास पाण्यात भिजवून द्यावे. शक्यतो ते खाली, जमिनीच्या पातळीवर ठेवावे, कारण मान खाली असताना श्वासनलिकेतील घाण आपोआप बाहेर येते. जमीन वाळूची असेल तर खाली रबरी चटई घालावी, नाहीतर वाळू पोटात साचते. लसूणघास प्रथिने आणि कॅल्शियम यांनी समृद्ध असते. वाढत्या शिंगरांना आणि दूध पाजणाऱ्या घोडीला ते फार उपयोगी पडते, पण रिकाम्या बसलेल्या घोड्याला सगळी वैरण त्याचीच देणे म्हणजे चरबी वाढवणे.

हलके काम करणाऱ्या निरोगी घोड्याला चांगली वैरण, मीठ, खनिजे आणि पाणी एवढे पुष्कळदा पुरते. चंदी द्यावी ती कामामुळे वजन उतरत असेल तेव्हा, आणि एका वेळी दोन किलोंहून जास्त कधीच नाही. जास्त लागली तर वेळा वाढवाव्यात, वाटा नाही. ओट पचायला सर्वांत सोपे असतात. जव आणि मका यांतील स्टार्च कच्चे असताना लहान आतड्यात नीट पचत नाही, म्हणून ते शिजवून किंवा वाफवून द्यावेत. मापाबद्दल विशेष सावध राहावे: ओटचे ठरलेले माप मक्याने भरले, तर घोड्याच्या पोटात जवळजवळ दुप्पट ऊर्जा जाते. वजन वाढवायचे असेल तर दाण्याऐवजी वनस्पती तेल हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. घोड्याला पित्ताशय नसले तरी पित्त सतत झिरपत असल्याने त्याला तेल चांगले पचते, मात्र अर्ध्या वाटीपासून सुरुवात करून ते दोन-तीन आठवड्यांत सावकाश वाढवावे. आहारातील कोणताही बदल, अगदी नव्या ठिकाणचे गवतसुद्धा, दहा ते चौदा दिवसांत थोडे थोडे मिसळत करावा, कारण आतड्यातील सूक्ष्मजीवांना नव्या अन्नाशी जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतो.

भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे उत्तर ‘न फिरवल्यामुळे’ असे आहे, आणि घोड्याच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे. हालचाल थांबली की आतड्यांची गतीही मंदावते. रोज मेहनत करणाऱ्या घोड्याला सुटीच्या दिवशी पूर्ण चंदी दिली आणि दुसऱ्या दिवशी कामाला जुंपले, तर त्याचे स्नायू आखडून जखडू शकतात. म्हणून विश्रांतीच्या दिवशी चंदी निम्मी किंवा त्याहून कमी करावी आणि घोडा थोडा तरी फिरवावा. चंदी खाल्ल्यावर निदान दीड-दोन तास जोराचे काम नको, पण अगदी रिकाम्या पोटीही काम नको. कामाआधी मूठ-दोन मुठी वैरण दिल्यास जठरातील आम्ल उसळून वरच्या नाजूक अस्तराला लागत नाही.

स्वच्छ पाणी दिवसाला 25 ते 50 लिटर, आणि उन्हाळ्यात किंवा घामाच्या कामात त्याहूनही जास्त लागते. वैरणीत मिठाचा अंश फार कमी असतो, म्हणून रोज 25 ते 30 ग्रॅम साधे मीठ द्यावे आणि घाम गळत असेल तर वाढवावे. गव्हाचा कोंडा हलका म्हणून सर्रास दिला जातो, पण त्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम फार कमी असते. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट असावे; ते सतत कमी पडले तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेते, आणि अखेरीस जबड्याची हाडे सुजून पोकळ होतात. सेलेनियम या सूक्ष्म खनिजाच्या गोळ्या-पावडरी मनाने देऊ नयेत. गरज आणि विषबाधा यांच्यातील अंतर इथे फार थोडे आहे.

आहार बरोबर आहे का, हे हाताने पाहावे. बरगड्या दिसू नयेत, पण हलक्या हाताला सहज लागाव्यात. मानेवर आयाळीखाली कडक चरबीचा पट्टा तयार झाला असेल, तर लॅमिनायटिसचा धोका दारात आहे असे समजावे. अशा घोड्याची चंदी पूर्ण बंद करावी आणि गवत तासभर भिजवून, ते पाणी फेकून द्यावे, म्हणजे त्यातील साखर कमी होते. पण लठ्ठ घोड्याला, विशेषतः तट्टाला, उपाशी मात्र ठेवू नये; त्याच्या रक्तात चरबी एकदम वाढून जीव जाऊ शकतो. उपासमारीतून आलेल्या हाडकुळ्या घोड्यालाही एकदम दाणा घालू नये. पशुवैद्याच्या देखरेखीखाली लसूणघासाच्या लहान लहान वाट्यांनी सुरुवात करून दहाएक दिवसांत पूर्ण आहारावर आणावे. खाऊनही वजन उतरत असेल, तोंडातून गवताचे चोथे पडत असतील किंवा लिदीत अख्खे दाणे दिसत असतील, तर आधी दात तपासून घ्यावेत.

गाईगुरांचा किंवा कोंबड्यांचा तयार खुराक घोड्याला चुकूनही देऊ नये. त्यात मोनेन्सिन हे जनावरांच्या खुराकात मिसळले जाणारे औषध असू शकते, आणि त्याची अगदी थोडी मात्राही घोड्याचे हृदय निकामी करते. बुरशी आलेला मका त्याच्या मेंदूवर घाव घालतो. कापलेल्या हिरवळीचा ढीगही समोर टाकू नये, कारण तो पटकन आंबतो आणि घोडा तो न चावता गिळतो. दाण्याच्या खोलीला घोड्याला उघडता येणार नाही अशी कडी असावी. तरीही घोडा आत शिरून पोटभर दाणा खाऊन बसला, तर तो ठणठणीत दिसत असला तरी त्याच क्षणी पशुवैद्याला बोलवावे. लॅमिनायटिसची लंगड बहुधा एक-दोन दिवसांनी दिसते, आणि ती दिसेपर्यंत खुराच्या आतले नुकसान झालेले असते.