सुरुवातीचे ख्रिस्ती आणि सैन्य: या विषयावर बोलताना या चुका टाळा

"पहिली तीनशे वर्षं सगळे ख्रिस्ती युद्धाच्या विरोधात होते, मग ख्रिस्ती धर्म स्वीकारणारा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन आला आणि सगळं बदललं." हे इतक्या वेळा ऐकलंय की कोणी तपासायलाच जात नाही. पहिली चूक हीच, यातला "सगळे".

२९५ साली उत्तर आफ्रिकेत तेवेस्तेला मॅक्सिमिलियन नावाच्या २१ वर्षांच्या पोराला रोमन सैन्यात भरतीसाठी उभं केलं, त्याची उंची मोजायला घेतली आणि तो म्हणाला मी ख्रिस्ती आहे, मला शिपाई होता येणार नाही. गळ्यात शिपायाची खूण म्हणून शिशाचा बिल्ला घालायला लागले तर म्हणे घातलात तर तोडून टाकीन. प्रोकॉन्सुल, म्हणजे प्रांताचा रोमन शासक, डायोन त्याला समजावतो, अरे सम्राटांच्या खास फौजेत ख्रिस्ती शिपाई आहेतच की! आणि पोरगा ते नाकारत नाही हो, फक्त म्हणतो की त्यांचं त्यांना ठाऊक, मी ख्रिस्ती आहे, मला वाईट काम करता येत नाही. मग शिरच्छेद. सैन्यासाठी शिवलेले नवे कपडे शिरच्छेद करणाऱ्याला द्या असं तो मरताना बापाला सांगून गेला, हे वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं.

म्हणजे नकार देणारे होते आणि नोकरी करणारेही होते, एकाच वेळी. इस्रायलमध्ये मगिद्दोच्या तुरुंगाच्या आवारात २००५ मध्ये जुन्या प्रार्थनागृहाची मोझेक फरशी सापडली, बहुतेक अभ्यासक ती तिसऱ्या शतकातली मानतात, त्यावर लिहिलंय की गायानस या शताधिपतीने (रोमन सैन्यातल्या अधिकाऱ्याने), "आपल्या बंधूने", म्हणजे ख्रिस्ती बांधवाने, स्वखर्चाने ती करून दिली.

दुसरी चूक, तर्तुलियन या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकाचं एकच वाक्य उचलणं. १९७ च्या सुमारास तोच रोमनांना अभिमानाने सांगतो की आम्ही तुमच्या छावण्यांतही आहोत, आणि दुसऱ्या ग्रंथात तोच म्हणतो की प्रभू येशूने आपल्या पेत्र या शिष्याची तलवार खाली ठेवायला लावली तेव्हा प्रत्येक शिपायाचा पट्टा सोडवला, म्हणजे त्याला निःशस्त्र केलं. दोन्ही वाचा.

"अडचण फक्त मूर्तिपूजेची होती" हेही अर्धवटच आहे. छावणीतले यज्ञ, सम्राटाची शपथ हा त्रास होताच, पण ख्रिस्ती विचारवंत ओरिजेन ख्रिस्ती धर्माचा टीकाकार सेल्सस याला उत्तर देताना म्हणतो की तुमचे पुजारी हात रक्ताने विटाळू नयेत म्हणून लढत नाहीत ना, मग आम्हीही तसेच, आम्ही प्रार्थनेने लढतो. इथे मुद्दा सरळ रक्ताचाच आहे.

आणि ३१४ च्या आर्ल इथल्या बिशपांच्या परिषदेचा नियम सांगताना शब्द गाळू नका. शस्त्र टाकणाऱ्यांना प्रभुभोजनापासून (चर्चमधल्या पवित्र भाकरी-द्राक्षारसाच्या विधीपासून) दूर ठेवा असं त्यात आहे खरं, पण "शांततेच्या काळात" टाकणाऱ्यांना. याचा नेमका अर्थ काय यावर अजून वाद चालूये.