हळकुंडासारखा चहा पारखा

सांगलीत हळदीच्या पेढीवर बावीस वर्षं दिवाणजी होतो. हळकुंड मोडायचं, रंग बघायचा, हुंगायचं, मग भाव. चहाही तसाच पारखावा.

रोजची दाणेदार सीटीसी पत्ती बाजूला ठेवा, ती दूध-साखरेसाठी. अखंड पानाचा आसाम, दार्जिलिंग आणि एखादा ग्रीन टी आणा. कोरडी पत्ती तळहातावर घेऊन तोंडाची वाफ मारा नि हुंगा. मग पांढऱ्या कपात १०० मिलीला २ ग्रॅम. बोअरचं जड पाणी नको. माझ्या पहिल्या कपावर तवंग आला आणि मी तासभर पत्तीलाच शिव्या घातल्या!

आसाम-दार्जिलिंग या काळ्या चहांना खळखळतं पाणी, ४ मिनिटं. ग्रीनला ८० अंशांच्या आसपास, २ मिनिटं. थर्मामीटर नसेल तर उकळी आल्यावर झाकण काढून थोडं थांबा. ‘ग्रीन टी कडूच असतो’ असं आमची ही म्हणायची. कडू तो उकळत्या पाण्याने होतो.

आता मोठ्याने भुरका मारा. बशीने पिणाऱ्यांना हे शिकवायला नको. हवेबरोबर वास नाकात चढतो, अर्धी चव तिथेच. आसाममध्ये नाचणीच्या सत्त्वाचा खमंगपणा सापडेल. दार्जिलिंगचा मे-जूनचा तोडा असेल तर तासगावची पिकली द्राक्षं आठवतील. काळ्या नि ग्रीन चहाचं झाड एकच, पण ग्रीनची पानं काळी पडण्याआधीच तापवतात: जपानी वाफेवर, म्हणून पालकाची चव, चिनी बहुधा कढईत, म्हणून किंचित भाजका.

ग्रीनची वापरलेली पत्ती फेकू नका, तिच्यावरच पुन्हा गरम पाणी ओता. दुसरं पाणी मला पहिल्यापेक्षा आवडतं.