जुलैत दार अडकलं म्हणून लगेच रंधा मारू नका

नाशकात गोदावरीला पाणी वाढून नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलं की आमच्या पंचवटीतल्या जुन्या घराचं दार अडकणार, हे लहानपणापासून ठरलेलंच. मी पहिल्यांदा स्वतः दुरुस्ती करायला गेलो तो पण जुलैच होता. दार एवढं आवळलं होतं की आई खांद्याने ढकलून उघडायची. मी म्हणलं यात काय एवढं, शेजारच्या काकांचा रंधा मागून आणला आणि कडेचं चांगलं दोन सूत लाकूड उडवलं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार मिलीमीटरमध्ये बोलत नाहीत). दार मस्त लागायला लागलं, मी दोन दिवस कॉलर ताठ करून फिरलो. मग दिवाळी झाली, थंडी पडली, निफाडकडून तो कोरडा गार वारा सुटला आणि दार आणि चौकटीच्या फटीतून माझी करंगळी आरपार जायला लागली. कडी लावली तरी रात्रभर खडखड. शेवटी सागाची पट्टी चिकटवून फट भरली, ती पट्टी अजून वेगळ्या रंगाची दिसते आणि घरी आलेला प्रत्येक माणूस विचारतो हे काय केलंय.

तर झालं काय, की लाकूड हवेतला ओलावा पितं आणि फुगतं, पण फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळपास नाहीच. म्हणून दार उंचीला तेवढंच राहतं आणि कडेला आवळतं. हवा कोरडी झाली की परत आकसतं. पावसाळ्यात जेवढं जास्तीचं वाटतं तेवढं सगळं काढलं तर हिवाळ्यात तेवढीच फट पडणार, साधा हिशोब आहे पण हातात रंधा आला की सुचत नाही.

आधी बघा की दार खरंच फुगलंय का. मला विचाराल तर निम्म्या वेळा लाकडाचा दोषच नसतो, बिजागरी ढिली झालेली असते आणि दार खाली लोंबतं. दार अर्धं उघडा, मुठीला धरून वर उचलून बघा. हललं, खटखट आवाज आला, तर बिजागरीच. दुसरी खूण म्हणजे दार लोंबलं असलं की कडीकडचा वरचा कोपरा चौकटीला घासतो, खालचा कोपरा फरशीवर ओढला जातो आणि वरच्या बिजागरीपाशी मोठी फट दिसते. फुगलेलं दार तसं नसतं, ते कडेने बऱ्याच लांबीत सारखं घासतं. नक्की कुठे घासतंय ते कळत नसेल तर पोरांचा रंगीत खडू चौकटीच्या आतल्या बाजूला फासा आणि दार दोनतीनदा लावा, जिथे दाराला रंग लागला तिथे घासतंय. खडू नसेल तर जुनी लिपस्टिक पण चालते, फक्त घरात विचारून घ्या.

बिजागरीचं काम असेल तर पंधरा मिनिटांत होतं. दाराखाली पाचर सारून वजन उचलून धरा, मग वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा. स्क्रू आवळतोय तर प्रश्न मिटला. नुसताच गोल फिरतोय, म्हणजे भोक मोठं झालंय. तिथे जाडा स्क्रू ठोकू नका, बिजागरीच्या भोकात त्याचं डोकं बसत नाही आणि मग दार पूर्ण मिटत नाही. स्क्रू काढा, भोक फुंकून साफ करा, बांबूची काडी किंवा गूल काढलेल्या आगकाड्या फेविकॉलात बुडवून भोकात गच्च बसवा, वर आलेलं टोक पटाशीने सपाट कापा आणि एक दिवस हात लावू नका. हे एक दिवस थांबणंच लोकांना जमत नाही, तासाभरात स्क्रू फिरवतात आणि काड्या स्क्रूबरोबर गरगर फिरतात. वाळल्यावर गिरमिटाने बारीक भोक पाडून तोच स्क्रू, नाहीतर त्याच जाडीचा पण अर्धा इंच लांब स्क्रू बसवा.

एवढं करून अजून वरचा कोपरा किंचित घासत असेल तर एक आयडिया आहे. खालच्या बिजागरीचे चौकटीकडचे स्क्रू काढा आणि तिच्या मागे पातळ पुठ्ठा घालून परत आवळा. खालची बाजू थोडी पुढे सरकते आणि कडीकडची बाजू आपोआप वर उचलली जाते. पुठ्ठ्याला लग्नपत्रिका बेस्ट, जाडी बरोब्बर असते. गणपती छापलेला भाग तेवढा वगळा, आमच्याकडे आईने बघितलं आणि अख्खी बिजागरी परत काढायला लावली.

आता दार खरोखर फुगलेलं असेल तर पावसाळ्यात फक्त दिवस काढायचे. घासतंय तिथे मेणबत्ती चोळा, सगळ्यात सोपं. अगदीच अडत असेल तर 80 नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून थोडं घासा, रंधा नको. आणि पेन्सिलने खुणा करून ठेवा की कुठून कुठपर्यंत अडकतं, कारण डिसेंबरात तुम्हाला आठवणार नाही. लाईन मारा, जवळ महिना लिहा. दुतोंड्या मारुतीवर पुराचा अंदाज घेतो तसा दारावर पावसाचा अंदाज.

घरं जुनी असतील तर एक लक्षात ठेवा, जुना रंग कोरडा घासायचा नाही. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत पाहिजे हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याच्या आधीच्या थरात किती असेल सांगता येत नाही. पाणी मारून वॉटर पेपरने (ओला वापरायचा पॉलिश पेपर) घासा, मास्क लावा, लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका आणि खाली पडलेलं झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा.

खरं काम दिवाळीनंतर, लाकूड कोरडं झाल्यावर. आणि त्यातलं मुख्य काम रंध्याचं नाहीच, रंगाचं आहे. दाराखाली मोबाईल सरकवून सेल्फी कॅमेऱ्याने खालची कड बघा. दहातली आठ दारं खाली कोरी सापडतील, कारण रंगवणारा दार लटकलेलंच रंगवतो आणि खालची, वरची कड कोणाला दिसत नाही. तिथे लाकडाची उभी नस उघडी असते आणि ती टीपकागदासारखं पाणी ओढते, फरशी पुसली तरी पिते. त्यामुळे दार उतरवावंच लागतं. जुनं सागवानी दार असेल तर एकट्याने अजिबात नको, दोन माणसं लागतात. पाचर लावा, आधी खालच्या बिजागरीचे स्क्रू काढा, सगळ्यात शेवटी वरचे. बसवताना उलट, आधी वरची. स्क्रू गंजून बसला असेल तर खाचेतला रंग खिळ्याने खरवडून काढा आणि सोल्डरिंगची इस्त्री डोक्यावर मिनिटभर टेकवा, बहुतेक वेळा सुटतो.

दार उतरलंच आहे तर पेन्सिलच्या खुणेपाशी थोडा रंधा मारा, पण थोडाच. मापाला जुनं जाडजूड पाच रुपयाचं नाणं घ्या, हिवाळ्यात दार मिटलेलं असताना ते कडेच्या फटीतून सरकलं की बास. पातं इतकंच बाहेर ठेवा की लाल कांद्याच्या सालीसारखा अख्खा पापुद्रा निघाला पाहिजे. पोह्यासारखे तुकडे पडत असतील तर पातं बोथट आहे किंवा तुम्ही नसेच्या उलटं मारताय. खालच्या कडेला मारायचा झाला तर दोन्ही टोकांकडून मध्याकडे या, एका टोकाकडून सरळ बाहेर गेलात तर कोपऱ्याची ढलपी उडते. फ्लश डोअर (दोन्ही बाजूंनी प्लाय चिकटवलेलं सपाट दार) असेल आणि खालची प्लाय सुटलेली असेल तर रंधा लावूच नका, थरात मरीन फेविकॉल भरा, दोन्हीकडून फळ्या लावून शिकंजात (क्लॅम्पमध्ये) आवळा आणि दिवसभर ठेवा.

मग चारही कडांना ऑइल प्रायमर आणि वरून एनॅमलचे दोन हात, मध्ये वाळू द्या. पॉलिशचं दार असेल तर पुष्कळजण अळशीचं तेल लावतात, लावा, पण तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती वाळताना आपोआप तापते आणि पेटू शकते. दोरीवर पसरून वाळवा, मग फेका.

दार परत चढवलं की कडी कोयंड्यात बसत नाही असं हमखास होतं, कारण दार आता पूर्वीपेक्षा सूतभर वर आलेलं असतं. घाबरू नका, अख्खा कोयंडा उपटायची गरज नाही, कानशीने त्याचं भोक वरच्या बाजूला जरा घासा.