जुना डीएसएलआर घेताना: शटर काउंटच्या आधी टॉर्च

वापरलेला डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा आरशाचा डिजिटल कॅमेरा, विकत घेऊ पाहणारा माणूस विक्रेत्याला बहुधा पहिल्यांदा शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती क्लिक केले तो आकडा, विचारतो. प्रश्न चुकीचा नाही. निकॉनच्या डी३३०० किंवा डी३५०० या कॅमेऱ्यांचे शटर १,००,००० क्लिकपर्यंत तपासलेले असल्याचे कंपनी सांगते. परंतु रोज २० छायाचित्रे काढली तरी तो आकडा गाठायला १३ वर्षांहून अधिक काळ लागतो, हे लक्षात घेतले की त्या प्रश्नाचे वजन कमी होते. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन्ही शहरे खाडीला लागून आहेत. इथल्या घरातील बंद कपाटात, पिशवीसकट, चार पावसाळे पडून राहिलेल्या कॅमेऱ्याला क्लिकपेक्षा दमट हवेचे भय अधिक असते. म्हणून पाहायला जाताना खिशात एक लहान टॉर्च असावी.

लेन्स बॉडीपासून, म्हणजे कॅमेऱ्याच्या मुख्य भागापासून, सोडवून, एका टोकाने टॉर्चचा उजेड सोडून दुसऱ्या टोकाने तिरके पाहावे. निकॉनच्या जी प्रकारच्या (नावात एफ-आकड्यापुढे ‘जी’ असलेल्या) लेन्सची अपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची, पाती बॉडीपासून काढल्यावर मिटलेली असतात, त्यामुळे मागची छोटी दांडी बोटाने हलकेच सरकवून ती उघडावी लागतात; कॅननच्या लेन्समध्ये ती उघडीच राहतात. आत धुळीचे चार कण दिसले तर दुर्लक्ष करावे, कारण ते छायाचित्रात उमटत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी समजावी, आणि काच दुधाळ दिसत असेल तर त्या लेन्सने उजेडासमोर काढलेली छायाचित्रे फिकट येणार हे गृहीत धरावे. बुरशी साफ करून मिळते, पण तिने काचेवरील लेप खाल्ला असेल तर डाग कायमचे राहतात. मी स्वतः एकदा घाईत, ट्यूबलाइटच्या उजेडात वरवर पाहून एक ५५-२५० मिमी झूम लेन्स घेतली होती; घरी आल्यावर टॉर्च लावली तेव्हा आतल्या काचेच्या कडेला जाळे स्पष्ट दिसले, आणि विकणाऱ्याने पुढे फोन उचलला नाही.

बॉडीवरही दमटपणाच्या खुणा शोधाव्यात: बॅटरीच्या कप्प्यातील पितळी टोकांवर हिरवट थर, तळाच्या स्क्रूंवर गंज, चिकट झालेले रबर. यांपैकी दोन आढळल्या तर किंमत कितीही उतरली तरी मी तो कॅमेरा परत ठेवतो. त्यानंतर सेन्सर, म्हणजे छायाचित्र टिपणारी आतली चकती, तपासावा. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि अपर्चर एफ/२२, म्हणजे अगदी लहान, ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून, पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढावे आणि ते पडद्यावर मोठे करून पाहावे. काळसर, धूसर ठिपके म्हणजे धूळ. ती सफाईने जाते. त्याच जागी टोकदार रेघ दिसली तर मात्र ओरखड्याचा संशय घ्यावा. व्ह्यूफाइंडरमधून दिसणारे कण छायाचित्रात येत नाहीत, त्यांच्यावरून भाव पाडायला हरकत नाही, घाबरायला आहे.

सौदा ठाण्याच्या तलावपाळीजवळ ठरवता आला तर उत्तम. मासुंदा तलावापलीकडील इमारतींवर फोकस करून, अपर्चर पूर्ण उघडे ठेवून छायाचित्र घ्यावे आणि चारही कोपरे ताडून पाहावेत. एकच बाजू सतत अस्पष्ट येत असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असण्याची शक्यता मोठी.

मॉडेल निवडताना लेन्सचा विचार आधी करावा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतील बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेली ५० मिमी एफ/१.८डी ही स्वस्त लेन्स त्यांच्यावर हातानेच फोकस करावी लागते. रोजच्या छायाचित्रणासाठी ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स घ्यावी. निकॉनची एएफ-पी (नव्या प्रकारच्या मोटरची) लेन्स डी३१०० किंवा डी५१०० वर ऑटोफोकस करत नाही, हेही सौद्यापूर्वी ध्यानात असावे. कॅननमध्ये २०१७ चा २००डी मला घरगुती वापरासाठी सर्वांत सोयीचा वाटतो: वजनाला हलका, पडद्यावर पाहून फोकस करतानाही जलद. त्यानंतरच्या २००डी मार्क २ मध्ये फ्लॅशच्या जागेची मधली पिन काढून टाकलेली असल्याने साधे इतर कंपन्यांचे फ्लॅश त्यावर पेटत नाहीत. ३०००डीची लेन्स जोडण्याची कडी प्लास्टिकची आहे. तो टाळलेला बरा.

निकॉनचा शटर काउंट ताज्या जेपीजी फाइलमधील माहितीत सापडतो, कॅननच्या या श्रेणीत तो सहसा फाइलमध्ये नसतो आणि केबलने संगणकाला जोडून काढावा लागतो. ‘फक्त ३,००० क्लिक’ या तोंडी आश्वासनाला त्यामुळे फारसा अर्थ नाही. तळावरील सिरियल नंबर खोक्यावरील आणि बिलावरील क्रमांकाशी जुळलाच पाहिजे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, तेव्हा बिल नसल्यास निदान विक्रेत्याच्या सहीची, सिरियल नंबर लिहिलेली पावती घ्यावी. व्यक्तीकडून घेण्याचा धीर होत नसेल तर फोर्टमधील बोरा बाझार परिसरातील दुकाने आहेत. ठाण्याची जलद लोकल आणि वाशीची हार्बर लोकल दोन्ही सीएसएमटीलाच नेतात. तिथे दर थोडे चढे असतात, पण दुकानदार काही दिवसांची हमी देत असेल तर ती बिलावर लिहून मागावी.

कॅमेरा घरी आल्यावर सोबतची जुनी पिशवी बाजूला ठेवावी, कारण बुरशीचे बीज तिच्यातही असू शकते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवून काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावा. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा निळे करून घ्यावेत, मात्र तो तवा नंतर पोळ्यांसाठी वापरू नये.