४जी६३ चं २.३ लिटर करताय? या चुका टाळा

मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनचं (थोडक्यात ईव्होचं) ४जी६३ इंजिन म्हणजे ८५ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ८८ मिमी स्ट्रोक (पिस्टनचा खाली-वर प्रवास) आणि १९९७ सीसी. १९९२ च्या पहिल्या ईव्होपासून ईव्हो नाइनपर्यंत हाच ओतीव लोखंडाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य सांगाडा) चालला. टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ अशी सलग चार जागतिक रॅली अजिंक्यपदं याच इंजिनावर मिळवली. आता याच घराण्यातल्या २.४ लिटरच्या ४जी६४ चा क्रँक (पिस्टनची खाली-वर हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) १०० मिमी स्ट्रोकचा असतो आणि तो ४जी६३ च्या ब्लॉकमध्ये उतरतो. बोअर ८५.५ केला की होतात २२९७ सीसी. मोठा टर्बो लवकर जागा होतो, मधल्या आरपीएमला टॉर्क भरपूर मिळतो. जपान, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात ही पाककृती आता पाठ झालेली आहे. तरीही नवं बांधलेलं २.३ काही महिन्यांत पुन्हा खोलावं लागतं, आणि कारणं बहुतेक वेळा तीच ती असतात. स्ट्रोक १२ मिमीने वाढवला की इंजिनातलं जवळजवळ प्रत्येक माप बदलतं, आणि बांधणारा मात्र दोन लिटरचेच आकडे डोक्यात ठेवून पाना फिरवत असतो.

आधी आरपीएम ठरवा, मग खरेदी

सर्वात महागडी चूक कागदावरच होते. दोन लिटर ८००० ला फिरत होतं, म्हणून २.३ पण ८००० ला फिरवायचं, असं गृहीत धरलं जातं. पिस्टनचा सरासरी वेग काढून बघा. ८८ मिमी स्ट्रोकला ८००० आरपीएमवर तो सेकंदाला सुमारे २३.५ मीटर येतो. १०० मिमीला तेवढाच वेग ७००० च्या जरा पुढेच गाठला जातो. ८००० ला तो २६.७ वर जातो. एकाच आरपीएमवर वरच्या टोकाला पिस्टनचा प्रवेग अंदाजे १७ टक्क्यांनी वाढतो. एक्झॉस्टच्या फेरीत वर दाब नसताना तो सगळा झटका रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बोल्टांवर येतो. म्हणून २.३ ला ७५०० च्या आसपास लिमिटर (आरपीएमवर मर्यादा) लावावा, असं माझं मत. ८५०० पर्यंत ओरडणारं इंजिन हवं असेल तर दोन लिटरच ठेवा. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या ईव्हो एट एफक्यू-४०० ने दोन लिटरवर ४०५ बीएचपी दिली होती, तेव्हा निव्वळ ताकदीसाठी सीसी वाढवायलाच हवेत असं काही नाही.

टर्बोची निवडही इथेच ठरते. जुना छोटा टर्बो तसाच ठेवला तर गाडी खालून मस्त उचलते आणि वर गुदमरते. पंधरा टक्के जास्त गॅस त्याच टर्बाइनमधून ढकलायचा म्हटल्यावर मॅनिफोल्डमधला दाब वाढणार, एक्झॉस्टचं तापमान चढणार, आणि ताकद ६००० च्या आधीच खाली येणार. मग मालक बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) वाढवतो. त्यापुढचं सांगायला नको.

क्रँक बसतो म्हणून घेतला

४जी६४ चे क्रँक दोन प्रकारचे येतात: फ्लायव्हीलला सहा बोल्टचे आणि सात बोल्टचे. ईव्होचं इंजिन सात बोल्टचं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मित्सुबिशी इक्लिप्स गाडीचं सहा बोल्टचं. जुन्या बाजारातून क्रँक घेताना मागची बाजू मोजून घ्या, नाहीतर फ्लायव्हील जुळत नाही. पिस्टनच्या पिनचंही तसंच: सहा बोल्टवाल्या रॉडला २१ मिमी पिन, सात बोल्टवाल्याला २२. वेगवेगळ्या दुकानांतून स्वस्तात जमवलेला सेट टेबलावर मांडल्यावर एकमेकांशी बोलतच नाही.

पिस्टनचं गणित अजून सोपं आणि अजून निर्दय आहे. ४जी६३ ब्लॉकची उंची २२९ मिमी. त्यातून स्ट्रोकचा अर्धा भाग म्हणजे ५० आणि रॉडचे १५० वजा करा, उरतात २९. म्हणजे पिनपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंत २९ मिमीच जागा आहे. दोन लिटरच्या पिस्टनमध्ये हेच अंतर ३५ असतं. तो पिस्टन घातला तर ब्लॉकच्या वर सहा मिमी डोकं काढेल. १५६ मिमीचा लांब रॉड घेतला तर फक्त २३ मिमी उरतात आणि पिन तेलाच्या रिंगेच्या खोबणीत घुसते. रस्त्यावर चालवायच्या गाडीला १५० चा रॉड पुरे. लांब रॉडच्या कौतुकापायी तेल पिणारं इंजिन बांधण्यात अर्थ नाही.

४जी६४ चा पूर्ण ब्लॉकच घेतला तर तो सहा मिमी उंच असतो, बोअर ८६.५. मग पिस्टन ३५ मिमीचाच चालतो, पण हेड (सिलिंडरांवरचं, व्हॉल्व्ह असलेलं झाकण) वर सरकल्यामुळे टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि कॅमचं टायमिंग सगळं नव्याने जुळवावं लागतं.

कॉम्प्रेशन आपोआप वाढतं

हे विसरणारे फार. ईव्हो एटचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) ८.८. दोन लिटरमध्ये एका सिलिंडरचे ४९९ सीसी, तर वरची उरलेली जागा सुमारे ६४ सीसी. तीच जागा ठेवून सिलिंडर ५७४ सीसीचा केला तर कॉम्प्रेशन जवळजवळ १० वर जातं. ८.८ राखायचं असेल तर जागा ७३.६ सीसी हवी, म्हणजे साडेनऊ सीसीने जास्त. ती पिस्टनच्या वाटीतून काढावी लागते. स्ट्रोकरसाठी बनवलेल्या पिस्टनवर कॉम्प्रेशनचा आकडा दिलेला असतो, पण तो विशिष्ट जाडीचं गास्केट आणि विशिष्ट आकाराचं हेड धरून दिलेला असतो. हेड आधी दोनदा घासलेलं असेल तर त्या आकड्यावर विसंबू नका. ब्युरेट आणि काचेचा तुकडा घेऊन हेडचे चारही चेंबर मोजायला एक संध्याकाळ लागते, आणि ती वाया जात नाही.

ब्लॉक घासताना

आता ज्या कामात सगळ्यात जास्त घाई केली जाते ते काम. १०० मिमीचा क्रँक फिरताना रॉडचं मोठं टोक सिलिंडरच्या खालच्या कडेजवळून जातं. कितीही ‘बोल्ट-इन’ (म्हणजे थेट बसणारा) म्हणून विकलेला किट असो, ही कड थोडी घासावी लागतेच, असं धरून चाला.

रिंगा न घालता एक पिस्टन आणि रॉड चढवा, बोल्ट हलके कसा आणि क्रँक हाताने हळूहळू फिरवा. कुठे अडतं ते हाताला कळतं, पण अडत नाही म्हणजे जागा आहे असं समजू नका. फिलर गेज घेऊन रॉडच्या बोल्टचं डोकं आणि सिलिंडरची कड यांत बघा, पिस्टन थंड ठेवणाऱ्या तेलाच्या नळीजवळ बघा, बॅलन्स शाफ्टच्या बाजूला बघा. दीड मिमी तरी मोकळं हवं. रॉड ताणतो, क्रँक वाकतो, बेअरिंगमध्ये तेलाची फट असते. वर्कशॉपच्या फरशीवर अर्धा मिमी पुरेसा वाटतो, ७००० ला तो पुरत नाही. मार्करने खूण करा, डाय ग्राइंडरने थोडंथोडं घासा, पुन्हा फिरवून बघा. एका सिलिंडरचं माप घेऊन चारही सारखे घासू नका. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्ये प्रत्येक जागा थोडी वेगळी असते, आणि फार खोल गेलात तर पलीकडे पाण्याचा मार्ग आहे.

हे सगळं होनिंगच्या (सिलिंडरची भिंत शेवटच्या मापाला घासण्याच्या) आधी करायचं. घासल्यावर लोखंडाची भुकटी तेलाच्या प्रत्येक गॅलरीत जाते. गॅलरीचे प्लग काढा, लांब ब्रश, गरम पाणी आणि साबण घेऊन धुवा. फडका पांढरा निघेपर्यंत पुसत राहा आणि लगेच तेल लावा. नव्या इंजिनाचं बेअरिंग पहिल्या आठवड्यात ओरखडलं तर दोष बेअरिंगला देतात. बऱ्याचदा चूक या धुण्यात असते.

होनिंग करताना टॉर्क प्लेट (हेडच्या जागी कसायची जाड प्लेट) मागा. हेडचे स्टड कसले की सिलिंडरचा आकार किंचित बदलतो, म्हणून प्लेट कसलेल्या अवस्थेतच गोल करायचा. लेथवाल्याकडे ४जी६३ ची प्लेट नसेल तर दुसरा लेथवाला शोधा. मेन बेअरिंगला जास्त ताकदीचे स्टड घातले असतील तर लाइन होनही (मेन बेअरिंगच्या जागा एका रेषेत घासणं) बघून घ्या.

रिंगेच्या टोकांमधली फट टर्बो इंजिनाला मोठी लागते. साधारण हिशेब बोअरच्या ०.००६ पटीचा: ८५.५ ला अर्धा मिमी. पिस्टनच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर कागद खरा. फट कमी राहिली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कडाच तुटते. २६१८ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या फोर्ज्ड (घडीव) पिस्टनला भिंतीपासूनही जास्त अंतर लागतं, ०.०९ ते ०.११ मिमी. त्यामुळे थंडीत सकाळी टकटक ऐकू येणं स्वाभाविक आहे. ती टकटक नॉक सेन्सरला खरी नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) वाटू शकते, हे ट्यूनरला आधी सांगून ठेवा.

बॅलन्स शाफ्ट

इंजिनाची थरथर कमी करणारे हे फिरते दांडे काढायचे की ठेवायचे यावर न संपणारे वाद आहेत. स्ट्रोक वाढल्यावर चार सिलिंडरच्या इंजिनाची दुय्यम थरथर त्याच आरपीएमला आणि तेवढ्याच वजनाला सुमारे २९ टक्क्यांनी वाढते, म्हणजे शाफ्ट काढले की थरथर जाणवणारच. पण पुढच्या शाफ्टचा छोटा बेल्ट तुटून टायमिंग बेल्टमध्ये अडकला तर व्हॉल्व्ह वाकतात, आणि खाली जागाही अपुरी आहे. मी काढण्याच्या बाजूचा. काढताना मात्र दोन गोष्टी हमखास राहतात: शाफ्टच्या बेअरिंगमधली तेलाची भोकं बंद करणं (बेअरिंग फिरवून बसवलं की होतं) आणि ऑइल पंपाच्या बाजूला तुकडा शाफ्ट घालणं. भोकं उघडी राहिली की गरम झाल्यावर आयडलला तेलाचा दाब पडतो, आणि लोक नवा पंप घेत बसतात.

जुन्याच मॅपवर गाडी बाहेर काढणं

ईव्हो नाइनपर्यंतच्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असल्याने इंजिन जुन्या मॅपवर (इंधन आणि ठिणगीच्या वेळेच्या तक्त्यांवर) सुरू होतं आणि बरं चालतंही. धोका तिथेच आहे. आता ३५०० ला जेवढी हवा येते तेवढी आधी कधीच येत नव्हती. ईसीयू (इंजिनाचा संगणक) टायमिंगच्या तक्त्यात ज्या खान्यात जातो, तिथे कुणी कधी ट्यूनिंग केलेलंच नसतं. नॉकिंग रेडलाइनजवळ शोधत बसतात आणि ते होतं सगळ्यात जास्त टॉर्कच्या जागी. त्याच बूस्टला पंधरा टक्के जास्त पेट्रोल लागणार; इंजेक्टर आधीच क्षमतेच्या ८५ टक्क्यांवर असतील तर ते बदलल्याशिवाय डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) जाऊ नका.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक भर. पंपावरचं पेट्रोल आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे, आणि त्याला साध्या पेट्रोलपेक्षा जास्त इंधन लागतं. वाइडबँड मीटरवर (एक्झॉस्टमधून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणाऱ्या) १४.७ चे आकडे बघण्याऐवजी लॅम्डा बघा, म्हणजे त्या इंधनाला लागणाऱ्या हवेच्या तुलनेत मिळालेली हवा. पुण्या-मुंबईत काही पंपांवर १०० ऑक्टेनचं पेट्रोल २०२० च्या अखेरीपासून मिळतं. त्यावर मॅप केलात तर प्रवासात ते मिळेलच असं नाही, म्हणून दुसरा सौम्य मॅप ठेवा. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात असू द्या: आरसीवर १९९७ सीसी लिहिलेल्या गाडीत २२९७ घालून रस्त्यावर फिरवता येत नाही. ट्रॅकची गाडी वेगळी. भारतात २०१० पासून अधिकृतपणे विकली गेलेली ईव्हो टेन घेतलेल्यांनी हे आकडे वापरूच नयेत. तिचं ४बी११ ॲल्युमिनियमचं आणि पूर्ण वेगळं इंजिन आहे.

चालू झालं, पण काहीतरी बिनसलंय

कॅच कॅन (इंजिनाच्या वाफेतलं तेल साठवणारा डबा) पटापट भरतोय आणि डिपस्टिक बूस्टला वर येतेय, तर कॉम्प्रेशन टेस्टवर थांबू नका, लीकडाउन करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती कुठून गळते ते बघा. हवा तेलाच्या टोपीतून ऐकू आली तर रिंगा किंवा पिस्टनची कडा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गास्केट. ॲक्सिलरेटर सोडल्यावर निळा धूर येत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलकडे किंवा टर्बोकडे बघा.

क्लच दाबला की इंजिन बंद पडतं किंवा आयडल हलतं, याला इलेक्ट्रिकचा बिघाड समजून सेन्सर बदलले जातात. सात बोल्टच्या इंजिनात, विशेषतः १९९५ ते १९९९ च्या इक्लिप्समध्ये, थ्रस्ट बेअरिंग (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारं) झिजून क्रँक पुढे-मागे सरकण्याचा आजार कुप्रसिद्ध आहे. एकाला क्लच दाबायला सांगा, तुम्ही पुलीकडे बघा. डोळ्याला हालचाल दिसली तर पुढे चालवू नका. दिसली नाही तर डायल गेज लावून मोजा. कारखान्याची मर्यादा ०.२५ मिमी आहे. २.३ च्या टॉर्कसाठी क्लचची जड प्रेशर प्लेट घातली की हा भार आणखी वाढतो, म्हणून थंड इंजिन न्यूट्रलमध्ये, क्लच न दाबता सुरू करण्याची सवय लावा. बदललेल्या बेअरिंगचं नुसतं माप घेऊन भागत नाही. क्रँकची थ्रस्टची बाजू खरचटलेली असेल तर नवं बेअरिंगही तसंच खाल्लं जातं, तेव्हा ती पॉलिश करून घेतल्याशिवाय इंजिन पुन्हा बांधू नका.