मेंढरं बसवताय? आधी वेड्या बाभळीच्या शेंगांचं बघा

अथणी, रायबागकडं ज्वारी-हरभरा निघून रानं मोकळी झालीत, खतासाठी रात्रीची मेंढरं रानात बसवायची बोलणी चालू आहेत. जरूर बसवा, लेंडीखताला तोड नाही, पण धनगराशी ठरवताना एक विचारून घ्या, की गेले चार-पाच दिवस कळप कुठं चरत होता. ओढ्याकाठी, गायरानात वेड्या बाभळीखाली असेल (कन्नडवाले बळ्ळारी जाली म्हणतात तीच) तर पोटात शेंगाच शेंगा.

शेंग गोड असते, जनावर आवडीनं खातं, गर पचतो पण कडक बी बरंचसं तसंच बाहेर पडतं, वर त्याचं साल पोटात थोडं नरम पडलेलं असतंय आणि सोबत खतही आयतंच. झाडाखाली राहिलेल्या शेंगांतलं पुष्कळ बी भुंगे पोखरून टाकतात, खाल्लेलं मात्र त्यातनं सुटतं. इस्राएलातल्या नेगेव्हच्या वाळवंटात बाभळीच्या जातीच्या झाडांचं हेच होतं, हरणानं शेंगा लवकर खाल्ल्या तर बी वाचतं. कच्छच्या बन्नीत १९६० च्या दशकात खारी जमीन पसरू नये म्हणून मुद्दाम लावलेली हीच वेडी बाभळ गुरांनी शेण टाकत टाकत कुरणभर केली, आता गवत शोधावं लागतंय.

गाईबैलांकडनं तर मेंढरांपेक्षा जास्त बी अख्खं बाहेर पडतं, कारण मेंढरू जरा बारीक चावतं. त्यामुळं माळावर सोडलेल्या गुरांचं ताजं शेण थेट रानात नको, उकिरड्यात नीट तापू द्या, एक-दोनदा पालथं घाला. कळप शेंगा खाऊन आला असेल तर आधी पाच-सहा दिवस पडीक तुकड्यात, जिथं तुमचं लक्ष राहील तिथं बसवा, मग पिकाच्या रानात. शेंगा वेचून चारायच्या असतील तर गिरणीत भरडून द्या, बी फुटलं की विषय संपला, पण नुसत्या शेंगांवर जनावर ठेवू नका, त्रास होतो.

मृगाचा पाऊस पडला की बसवलेल्या जागेवर एक फेरी माराच. लेंडीच्या ढिगातनं दोन जाडसर दळांची रोपं वर येतात, ओल्या मातीत मुळासकट सहज उपटतात. नुसतं वरनं विळ्यानं छाटलं तर बुडातनं परत फुटतं, आणि दोन वर्षांनी जेसीबी बोलवावा लागतो, त्याचं भाडं तुम्हाला माहितीच आहे.